तळणाचं पाणी गटारात सोडण्याआधी: छोट्या फरसाण कारखान्यासाठी क्रमवार पद्धत

डिसेंबर उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून एकच तक्रार यायला लागते. "मोरी तुंबलीय, चेंबर उघडलं तर आत मेणबत्तीसारखा पांढरा गोळा. काल तर चांगलं होतं की वो!" मग कुणीतरी भट्टीवर पाण्याचा हंडा चढवतो, उकळतं पाणी आणि भांडी घासायची पावडर मोरीत ओततो. पाणी भळाभळा निघून जातं आणि सगळे खूश. चार दिवसांनी तोच गोळा वीस फूट पुढे, शेजाऱ्याच्या दारात सापडतो.

हा लेख त्या वीस फुटांसाठी आहे. शेव, चिवडा, वेफर, भडंग, फरसाण करणारे, रोज एक ते पाच डबे तेल ओढणारे कारखाने डोळ्यांसमोर आहेत. पामच्या फळातून तेल काढणाऱ्या गिरणीचं प्रकरण निराळं. तिथे एक टन तेलामागे अडीच ते साडेतीन टन सांडपाणी निघतं. आपल्याकडे तेल डब्यातून येतं, त्यामुळे पाणी थोडं. पण पामतेलाचा स्वभाव तोच. पामतेल साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळतं. पामोलिन त्यापेक्षा पातळ, उन्हाळ्यात पाण्यासारखं दिसतं, पण थंडीत डब्याच्या तळाशी गढूळ होऊन बसतंच. बेळगावच्या जानेवारीतल्या पहाटे जमिनीखालच्या पाइपात ते काय करत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पामतेल गार झालं की गोठतं. हा त्रास नाही, सोय आहे. गोठलेलं तेल खरवडून काढता येतं. वितळवलेलं हातातून सुटतं. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे.

टप्पा १: बांधकामाआधी सात दिवस मोजा

तेल अडवणारा हौद बांधायचा म्हटलं की बहुतेक जण गवंड्याला आधी बोलावतात आणि तो "चार बाय तीनचा हौद मारतो" म्हणतो. चार बाय तीन कशावरून, हे त्यालाही ठाऊक नसतं.

पाणी असं मोजा. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे २० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर बघा. ८० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. हे दिवसातून चार वेळा करा. त्यातली एक वेळ संध्याकाळच्या धुण्याची हवीच, कारण सगळ्यात मोठा लोंढा तेव्हाच येतो. हौदाचं माप या लोंढ्यावरून ठरतं, दिवसभराच्या सरासरीवरून नाही.

मोजणीचा आठवडाही जपून निवडा. श्रावणातल्या मंद आठवड्यात मोजून बांधलेला हौद गणपती ते दिवाळी या काळात हमखास उतू जातो. मोजणी मंद दिवसांत करावीच लागली, तर मागच्या दिवाळीच्या वहीतून त्या वेळचे घाणे किती होते ते बघा आणि त्या पटीत पाणी वाढवा.

आता तेलाचा हिशेब. हा सहसा कुणी करत नाही आणि केला की डोळे उघडतात. तुमच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे चरबी किती ते छापलेलं असतंच. समजा महिन्यात २,००० किलो शेव विकली आणि चरबी ३६ ग्रॅम छापली आहे, म्हणजे मालात ७२० किलो चरबी गेली. त्यातली बेसनाची स्वतःची वजा करा. बेसन १,२०० किलो लागलं असेल आणि त्यात साधारण ५ टक्के चरबी धरली, तर ती ६० किलो. म्हणजे कढईतून मालात गेलेलं तेल ६६० किलो. गोदामातून तेल निघालं ७५० किलो, वापरून झालेलं विकलं ४० किलो. उरलेले ५० किलो कुठे गेले? थोडे चुऱ्यात, थोडे पुसायच्या फडक्यात, भिंतीवर, चिमणीत, बाकीचे मोरीत. त्याचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

*तपासा:* सात दिवसांच्या नोंदींत सर्वांत मोठा लोंढा, दिवसाचं एकूण पाणी आणि महिन्याची तेलाची तूट हे तीन आकडे वहीत आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: तेलाची पाण्याशी गाठ पडू देऊ नका

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च जवळजवळ नाही. तरी लोक हा टप्पा ओलांडून थेट हौदाकडे पळतात.

संध्याकाळी भट्टी बंद केल्यावर क्रम असा ठेवा.

१. तेल हात भाजणार नाही इतकं निवू द्या, पण गोठू देऊ नका. याच अवस्थेत मलमलीच्या दुहेरी कापडातून किंवा बारीक स्टीलच्या जाळीतून गाळून झाकणाच्या डब्यात भरा. थंडीत उशीर केला तर तेल कापडातच बसतं.

२. कढईच्या तळाचा काळा गाळ उलथन्याने काढून वेगळ्या डब्यात टाका. तो गाळलेल्या तेलात परत घालू नका.

३. आता कढई, झारे, शेवेच्या मशीनचा साचा, निथळायची परात हे सगळं गार होऊ द्या. थंडीच्या दिवसांत अर्ध्या तासात पांढरी साय धरते. ती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. उन्हाळ्यात साय धरत नाही. तेव्हा लाकडाचा भुसा किंवा गव्हाचा कोंडा भुरभुरवा, दोन मिनिटं थांबा आणि झाडून घ्या.

४. फरशीलाही हेच. आधी भुसा, मग झाडू, मग फडकं. पाणी सगळ्यात शेवटी.

५. भांड्याला हात लावून पाहिल्यावर हाताला फक्त ओशटपणा जाणवला, ओघळ आला नाही, तरच ते मोरीवर जाईल.

पोरांना ही सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात. पाइप धरून फरशीवर पाणी मारणं सोपं आणि दिसायला चकाचक, खरवडणं कंटाळवाणं. मी पाहिलेला सगळ्यात चांगला उपाय साधा होता. मालकाने मोरीवरचा नळच काढून टाकला आणि पाणी बादलीने आणायला लावलं. पंधरवड्यात पोरं आपणहून खरवडण्या हातात घेऊ लागली. नळ ठेवायचाच असेल तर निदान पाइपाच्या टोकाला दाबल्यावरच सुटणारी बंदूक लावा.

सावधान: तेलकट भुसा, फडकी आणि गरम चुरा यांचा ढीग भट्टीजवळ रात्रभर ठेवू नका. चुऱ्याचा ढीग आतून तापत जातो आणि पेट घेऊ शकतो. चुरा ताटात पसरून गार करा, मगच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा.

टप्पा ३: पाण्याचे तीन रस्ते करा

सगळं पाणी एकाच मोरीत जात असेल तर पुढचं काही धड चालत नाही. तीन रस्ते लागतात.

पहिला, तेलकट पाणी: कढया, साचे, तळणघराची फरशी. हे तेलाच्या सापळ्याकडे, म्हणजे तेल अडवणाऱ्या हौदाकडे.

दुसरा, बटाट्याचं पाणी: यात तेल नसतं, माती आणि स्टार्च असतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम भागातला लाल मातीचा बटाटा आला की पहिलं धुणं निव्वळ चिखल निघतं. ते धुणं सालं काढण्याआधी वेगळं करा. काप धुतलेलं पाणी वेगळ्या टाकीत तासभर स्थिर ठेवलं की स्टार्च तळाशी घट्ट बसतो आणि वरचं निवळ पाणी पुढच्या बटाट्यांची माती धुवायला चालतं. टाकी रोज रिकामी करा. स्टार्चचं पाणी एका दिवसात आंबतं आणि मग आख्ख्या गल्लीला कळतं.

बटाट्याचे काप तीन टपांत धुत असाल तर पाणी उलटं चालवा. ताजं पाणी फक्त तिसऱ्या टपात घाला. तिसऱ्याचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात. माल पुढे जातो, पाणी मागे येतं. तिन्ही टपांत ताजं पाणी ओतणाऱ्यांच्या तुलनेत पाणी खूपच कमी लागतं आणि शेवटचं धुणं तितकंच स्वच्छ राहतं.

तिसरा, संडास-बाथरूमचं पाणी: हे थेट सेप्टिक टँकला किंवा युजीडीला, म्हणजे जमिनीखालच्या सार्वजनिक गटाराला. तेलाच्या सापळ्यात कधीही नाही.

पत्र्यावरचं पावसाचं पाणी हा चौथा रस्ता. तो कोणत्याच हौदात यायला नको. जुलैत आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते ठाऊक आहेच. एक पन्हळ चुकून सापळ्याकडे वळलं असेल, तर महिनाभर साठवलेली चरबी एका सरीत बाहेर वाहून जाते.

टप्पा ४: जाळी

मोरीच्या तोंडाशी दोन जाळ्या, आधी ५ मिलीमीटर आणि मागे १ मिलीमीटर. दोन्ही हाताने उचलता येतील अशा, बादलीच्या आकाराच्या. बेसन पाण्यात गेलं की त्याची लापशी होते आणि तळाशी चिखल साचतो, म्हणून बारीक जाळी हवीच. दिवसातून दोनदा झटका. पाण्याखाली धरून धुऊ नका, नाहीतर अडवलेलं परत मोरीतच जाईल.

टप्पा ५: तेलाचा सापळा

सापळ्यात जादू काही नाही. पाणी पुरेसा वेळ शांत उभं राहिलं की तेल वर येतं, गाळ खाली बसतो, आणि मधलं पाणी आपण बाहेर काढतो. "शांत" आणि "पुरेसा वेळ" यांपैकी एक जरी चुकलं तरी तो नुसता सिमेंटचा खड्डा.

माप असं काढा. मोठा लोंढा मिनिटाला १५ लिटर असेल आणि पाणी निदान ३० मिनिटं थांबायला हवं असेल, तर ४५० लिटर. पण वर चरबीचा थर आणि खाली गाळ साचणार, म्हणून तेवढीच जागा आणखी धरा: ९०० लिटर. दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर पाण्याची खोली घेतली की बरोबर ९०० लिटर होतात. हौद लांबट हवा. चौकोनी हौदात पाणी तोंडाकडून तोंडाकडे सरळ सुटतं आणि कोपऱ्यांचा उपयोग होत नाही.

गवंड्याला या गोष्टी कागदावर काढून द्या:

- आत येणाऱ्या पाइपाला टी, म्हणजे इंग्रजी T सारखा जोड लावा. त्याचं खालचं टोक पाण्याखाली १५ ते २० सेंटिमीटर बुडालेलं असावं. पाणी वरून धबाधबा पडलं तर वर आलेलं तेल पुन्हा ढवळलं जातं.
- हौदाचे दोन कप्पे करणाऱ्या मधल्या भिंतीला भोक खालच्या बाजूला. वर ठेवलं तर तेलच आधी पलीकडे जाईल.
- बाहेर जाणाऱ्या पाइपालाही टी, टोक तळापासून साधारण ३० सेंटिमीटर वर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साधा सरळ पाइप बसवला तर तो वरची चरबीच पहिल्यांदा सोडतो.
- बाहेरचा पाइप आतल्या पाइपापेक्षा ५ सेंटिमीटर खाली.
- आतून टाइल किंवा गुळगुळीत फरशी. आंबलेलं पाणी साधं प्लास्टर खातं.
- कठडा जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर, झाकण दोन-तीन तुकड्यांत, एका माणसाला उचलेल इतकं. जड झाकण म्हणजे कधीच न उघडलेला हौद.

सापळ्याच्या *आधी* पंप लावू नका. पंपाच्या पंख्यात तेल-पाणी घुसळून दुधासारखं होतं आणि मग ते तासभरात वेगळं होत नाही. उतार मिळत नसेल तर सापळा वर उचलण्यापेक्षा मोरी उंच करा. पंप लागलाच तर सापळ्यानंतर, आणि हेस्कॉमची वीज गेल्यावर पाणी कुठे साठणार याची सोय करून.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: सापळा सुरू करण्याआधी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. रिकाम्या हौदात पहिलं तेलकट पाणी सोडलं तर ते तळातून सरळ बाहेरच्या टीमध्ये शिरतं. माझ्या पहिल्या हौदाचं उद्घाटन मी नारळ फोडून केलं आणि पाणी भरायचं विसरलो. बाहेरचा पाइप आठवड्यात तुंबला. दर वेळी साफ केल्यावरही हेच, भरल्याशिवाय मोरी सुरू करायची नाही.

*तपासा:* आठवड्यातून एकदा, टोकाला आडवी पट्टी ठोकलेली काठी चरबीच्या थरातून खाली घाला आणि हळू वर ओढा. पट्टी जिथे अडेल तिथे थराचा तळ. गाळासाठी काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळाला टेकवा. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून खोलीच्या पावपट झाले, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या हौदात २० सेंटिमीटर, की सफाई. "अजून चालतंय की" म्हणून थांबू नका. पावपट ओलांडल्यावर सापळा दिसायला भरलेला आणि कामाला रिकामा असतो.

सफाई भल्या पहाटे, पहिलं पाणी सोडायच्या आधी करा. रात्रभराच्या गारव्याने थर खरवसासारखा घट्ट होतो आणि झाऱ्याने वड्या उचलाव्यात तसा निघतो. आधी चरबी, मग पाणी, मग गाळ. पाणी आधी उपसलं तर चरबी भिंतींना आणि तळाला चिकटते आणि दिवस जातो.

सावधान: बंद हौदात माणूस उतरवू नका, अगदी "दोन मिनिटांसाठी"ही नाही. कुजलेल्या गाळातला वायू आधी नाकाचा वास मारतो आणि मग माणूस कोसळतो. वाचवायला उतरणारा दुसराही जातो. झाकणं अर्धा तास उघडी ठेवा, लांब दांड्याच्या झाऱ्याने वरूनच काम करा.

टप्पा ६: साबण, कॉस्टिक आणि "चमत्कारी" पावडरी

साबण तेल नाहीसं करत नाही, त्याचे बारीक थेंब करून पाण्यात लपवतो. ते थेंब सापळ्यात वर येत नाहीत, पुढे जातात. म्हणून साबण बाटलीतून अंदाजाने नाही, मापाच्या झाकणाने. कोरडी सफाई नीट झाली असेल तर आधीच्या निम्म्या साबणात काम भागतं.

मोरीत कॉस्टिक सोडा ओतायची सवय आपल्याकडे फार. कॉस्टिकने चरबीचा साबण होतो हे खरं, पण बोअरचं जड पाणी त्याला भेटलं की त्यातल्या चुन्याबरोबर त्याची दगडासारखी खपली पाइपाला आतून धरते. ती खरवडणीनेही निघत नाही. पाइपच बदलावा लागतो. एन्झाइमच्या पुड्या विकणारेही येतात. त्यांनी सापळ्यातला थर पातळ झालेला दिसतो, पण बऱ्याचदा ती चरबी नुसती सुटून पुढच्या चेंबरात जाऊन बसलेली असते.

टप्पा ७: सापळ्यानंतरचं पाणी कुठे सोडायचं

आधी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढून अटी वाचा. कागद इंग्रजीत असला तरी कॉलेजातल्या पोराकडून ओळ न् ओळ समजून घ्या, कारण तुमच्या कारखान्याला त्यातलाच आकडा लागू होतो. देशभरासाठीच्या सर्वसाधारण मर्यादा पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये आहेत. तेल आणि ग्रीस: सार्वजनिक गटारात लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत, शेतात किंवा ओढ्या-नदीत १० पर्यंत. बीओडी, म्हणजे कुजताना पाणी जो प्राणवायू खातं त्याचं माप: गटारात ३५०, शेतात १००, नदी-ओढ्यात ३०. सामू (पीएच), म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप: तिन्हीकडे ५.५ ते ९ च्या दरम्यान.

यावरून रस्ता निवडा. युजीडीची जोडणी आणि लेखी परवानगी असेल तर चांगला सापळा आणि सामू सांभाळणारी साठवण टाकी एवढ्यावर बहुतेक छोट्या कारखान्यांचं भागतं. पाणी आंबूस झालं असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालून सामूच्या कागदी पट्टीने बघत जा.

युजीडी नसेल तर सापळा हे शेवटचं ठिकाण होऊ शकत नाही. पुढे हवाबंद कप्प्यांची टाकी आणि तिच्यामागे खडी-वाळूत कर्दळ लावलेला वाफा लागतो. त्याचं माप मात्र पाण्याची तपासणी करून जाणकाराकडूनच काढून घ्या. तेल कमी न करता कर्दळीवर सोडलं तर खडी महिन्या-दोन महिन्यांत लिंपून जाते.

"शेजारच्या शेतकऱ्याला पाणी हवंच आहे" हे फार ऐकतो. पाणी नुसतं तेलकट असतं तर एक वेळ गोष्ट वेगळी. आपल्या पाण्यात मीठ असतं, पापडखार असतो. त्यातला सोडियम काळ्या जमिनीत बसला की जमीन चिकट होते, पाणी मुरत नाही. तेलाची साय वरून भोकं बुजवते ते निराळंच. उन्हाळ्यात उसाला पाणी मिळालं म्हणून शेतकरी खूश असतो. तीन वर्षांनी त्याला काय सांगणार? आणि नाल्यात सोडायचा विचार असेल तर बळ्ळारी नाल्याकाठच्या शहापूर-वडगाव-येळ्ळूर शिवारात पावसाळ्यात एक चक्कर मारा. नाला फुगला की त्यातलं सगळं भाताच्या वाफ्यात येतं.

टप्पा ८: काढलेलं तेल, काढलेली चरबी

हे दोन वेगळे माल आहेत, डबेही वेगळे आणि रंगाने ओळखू येतील असे ठेवा.

कढईतलं वापरून झालेलं तेल: टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात साचणारे बिघडलेले घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणाला वापरता येत नाही, हा एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरत असाल तर त्याची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. तेल नोंदणीकृत संकलकालाच द्या आणि पावती घ्या. ते बायोडिझेलला जातं. हातगाडीवाला चार पैसे जास्त देत असेल तर ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाणार हे उघड आहे.

सापळ्यातली चरबी: यात गाळ, साबण, जंतू सगळं असतं. ती वरच्या तेलात मिसळली तर संकलक दोन्ही नाकारतो. साबण-कॉस्टिक नसलेली चरबी गोबरगॅसला चालते, पण शेणात कालवून, रोज थोडी. एकदम बादलीभर घातली तर आतले जंतू बसतात आणि आठवडाभर गॅस येत नाही. वर शेजारणीचा स्वयंपाक थांबतो. जास्त असेल तर घनकचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाशी आधी बोलून ठरवा. उकिरड्यावर ओतली तर पहिल्या उन्हात वितळून पुन्हा गटारात येते.

टप्पा ९: तपासणी

घरची तपासणी दर आठवड्याला: सापळ्यातून बाहेर पडणारं एक लिटर पाणी काचेच्या बरणीत घ्या, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरे कण किंवा साय दिसली तर सापळ्यातून तेल निसटतंय. टीचं टोक आणि थर बघा. साय नाही पण पाणी ताकासारखं पांढुरकं असेल तर बहुधा साबण जास्त झालाय किंवा आधी पंप आहे. बटाट्याचं पाणी चुकून इकडे आलं असेल तरी असंच दिसतं, पण मग तळाशी पांढरा गाळ बसलेला असतो.

प्रयोगशाळेची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी, आणि त्यातली एक दिवाळीच्या तोंडावर. नमुना घेतानाच निकाल बिघडतो, म्हणून एवढं पाळा. बाटली काचेची, रुंद तोंडाची. प्लॅस्टिकला तेल चिकटून राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. बाटली त्याच पाण्याने विसळू नका, कारण विसळताना तेलाचा थर काचेला आधीच बसतो. एकदाच भरा, उतू जाऊ देऊ नका, एका बाटलीतून दुसरीत ओतू नका. प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेली बाटली असेल तर ते सांडू नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुना संध्याकाळच्या धुण्याच्या वेळीच घ्या. सकाळी अकराला, मोरी कोरडी असताना घेतलेला नमुना छान येतो आणि त्याच्यावरून काहीच कळत नाही.